लकडगंजातला गंज

नागपूरच्या पूर्व भागात लकडगंज ही जुनी वस्ती आहे. नावातला 'गंज' फारसीतून आलेला असून त्याचा अर्थ बाजार किंवा कोठार असा आहे. लाकडाचा बाजार तो लकडगंज. मराठी माणसाला मात्र 'गंज' म्हटले की आधी आठवतो तो लोखंडावर चढणारा तांबूस थर. या लेखात दोन्ही गंज एकत्र येणार आहेत. लाकडाच्या बाजाराला ओंडके वाहणारे ट्रक लागतात, ट्रकला गॅरेज लागते आणि गॅरेजमधल्या मिस्त्रीचा बराचसा झगडा गंजाशीच असतो.

या झगड्यातला एकच प्रसंग आम्ही येथे निवडला आहे. ट्रकच्या इंजिनावरचा एक स्टड तुटतो, त्याचा अर्धा तुकडा आत अडकून राहतो आणि तो बाहेर काढायचा असतो. काम बोटभर लांबीच्या लोखंडी तुकड्याचे आहे. परंतु ते करताना मिस्त्री जी साधने हाती घेतो त्यांच्यामागे गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातील 'उष्णतेने होणारे प्रसरण' हा धडाही येथे अगदी निराळ्या रूपात भेटतो.

स्टड कोठे असतो?

मोठ्या ट्रकच्या डिझेल इंजिनाला बहुधा सहा सिलिंडर असतात. प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर पडतो. हे सहा प्रवाह एकत्र करून पुढे सायलेन्सरकडे नेणारी बिडाची जाड नळी म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. ती इंजिनाच्या सिलिंडर हेडवर स्टडांनी आवळलेली असते. स्टड म्हणजे डोके नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट. त्याचे एक टोक हेडमध्ये घट्ट बसवलेले असते आणि बाहेरच्या टोकावर नट बसतो. त्याची जाडी साधारण ८ ते १० मिलिमीटर, म्हणजे करंगळीपेक्षाही कमी.

एखादा स्टड तुटला तरी ट्रक लगेच थांबत नाही. सांध्याशी फटफट असा आवाज येऊ लागतो आणि काजळीचा काळा पट्टा दिसतो. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात वायूचा दाब वाटेतच गळतो, त्यामुळे चढावर ताकद कमी पडते. सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे गळणारा वायू चालकाच्या केबिनमध्ये शिरू शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःचा वास नाही. रात्रभर गाडी हाकणाऱ्या माणसाला आलेली गुंगी झोपेची की विषारी वायूची, हे त्याचे त्यालाही कळत नाही. म्हणून हा लहानसा तुकडा काढणे टाळून चालत नाही.

तो तुटतो का?

नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्याकडे बोट दाखवण्याचा मोह होईल. पण तो येथे निर्दोष आहे. भरल्या गाडीने चढ चढताना बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सियसपर्यंत जाते. मॅनिफोल्ड त्या वायूने तापतो. ज्या हेडला तो जोडलेला असतो त्यातून मात्र थंड करणारे पाणी फिरत असते, त्यामुळे हेड १०० अंशांच्या आसपासच राहते. एकमेकांना आवळलेल्या दोन वस्तूंपैकी एक भाजते आणि दुसरी कोमट राहते. सगळी अडचण येथे आहे.

आता फळ्यावर गणित मांडू. बिडाची एक मिलिमीटर लांबी एका अंशाने तापवली तर ती सुमारे ०.००००११ मिलिमीटरने वाढते. मॅनिफोल्डची लांबी ७०० मिलिमीटर आणि तापमानातील वाढ ४०० अंश धरली, तर लांबी ७०० × ०.००००११ × ४००, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटरने वाढते. हेडचे तापमान ७० अंशांनीच वाढले असेल, तर ते जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढेल. फरक अडीच मिलिमीटरचा झाला. मधला भाग जागेवर राहिला असे मानले, तर प्रत्येक टोक सव्वा मिलिमीटरने बाहेर सरकू पाहते.

हे सरकणे व्हावे म्हणूनच मॅनिफोल्डची छिद्रे स्टडपेक्षा थोडी मोठी ठेवतात. लांब मॅनिफोल्ड दोन-तीन तुकड्यांत ओततात आणि ते तुकडे एकमेकांत सरकतील असे जोडतात. परंतु गंजाने सांधा धरला किंवा नट गरजेपेक्षा जास्त आवळला की सरकणे बंद होते. मग ती ओढ स्टड सोसतो. गाडी तापली की तो एका बाजूला वाकतो, निवली की परत येतो. टोकाकडे सरकणे सर्वांत जास्त असते, म्हणून बहुधा टोकाचेच स्टड आधी तुटतात.

याहून एक नवलाची गोष्ट आहे. जुना मॅनिफोल्ड काढून ठेवला तर कधी कधी त्याची छिद्रे स्टडांवर पुन्हा नीट बसत नाहीत, कारण तो आखूड झालेला असतो! तापून लांब व्हायला निघालेल्या बिडाला सांध्याने अडवले की ते तापलेल्या, नरम अवस्थेत स्वतःमध्येच किंचित दबते. निवताना मात्र आकसण्यापासून त्याला कोणी पूर्ण रोखू शकत नाही. असे शेकडो वेळा झाले की लांबी कायमची घटते. 'तापताना अडवले, तर निवल्यावर लहान होते' हे सूत्र वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा उपयोगी पडणार आहे.

तुटलेल्या तोंडावरचा मजकूर

जाणता मिस्त्री स्टड तुटलेला दिसताच ड्रिल हाती घेत नाही. आधी तो तुटलेले तोंड पुसून पाहतो. अशा तोंडावर तुटण्याची हकीगत लिहिलेली असते, आणि ती वाचायला माणूस एका मोठ्या अपघातानंतर शिकू लागला.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. रोज चालणारा आस अचानक का मोडावा, हा प्रश्न तेव्हापासून अभियंत्यांना छळू लागला. पुढे प्रशियातील रेल्वे अभियंता ऑगस्ट व्हलर याने १८५०च्या दशकापासून १८७०पर्यंत आसांवर दीर्घ प्रयोग केले. एका झटक्यात धातू मोडायला जेवढे बल लागते त्याहून पुष्कळ कमी बल हजारो-लाखो वेळा उलटसुलट लावले तरीही धातू मोडतो, हे त्याने दाखवून दिले. यालाच आपण धातूचा थकवा म्हणतो.

थकून तुटलेल्या पृष्ठावर बहुधा ओहोटीने वाळूवर सोडलेल्या रेघांसारख्या कमानी दिसतात. तडा जसजसा पुढे सरकला तसतशा त्या उमटलेल्या असतात. उलट पान्याने पिळून तुटलेल्या पोलादी स्टडच्या तोंडावर भोवऱ्यासारखे वळण दिसते. हा भेद महत्त्वाचा आहे. थकव्याने तुटलेल्या स्टडचे हेडमधले आटे मोकळे असण्याची शक्यता असते. पिळून तुटलेला स्टड मात्र आटे जाम असल्यामुळेच तुटलेला असतो. पहिल्याला समजावून बाहेर काढता येते, दुसऱ्याला आधी सोडवावे लागते. का तुटले ते कळल्याशिवाय कसे काढायचे ते ठरत नाही.

आट्यांच्या तीन भाषा

स्टड काढल्यावर तसाच नवा बसवायचा असतो. 'तसाच' हा शब्द आज सोपा वाटतो; दोनशे वर्षांपूर्वी तो निरर्थक होता. प्रत्येक कारखाना आपापल्या मापाचे आटे पाडी. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्स्ले याने १८००च्या सुमारास अचूक आटे कापणारा लेथ बनवला, तेव्हा एकसारखे आटे पाडणे शक्य झाले. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने ठिकठिकाणचे बोल्ट जमवून मोजले आणि १८४१ साली सर्वांसाठी एक माप सुचवले. त्यात आट्याचा कोन ५५ अंश होता. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली ६० अंशांचा, कापायला सोपा आटा मांडला. युरोपातील मेट्रिक देशांनी १८९८ साली झुरिच येथे मिलिमीटरमधला आटा ठरवला.

अशा रीतीने जगात आट्यांच्या तीन भाषा झाल्या आणि भारतात तिन्ही येऊन पोहोचल्या. इंग्रजांच्या मोटारी व्हिटवर्थच्या आट्यांच्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याबरोबर अमेरिकी ट्रक आले आणि युद्धानंतर त्यांतले पुष्कळ लष्कराने विकून टाकले. १९५४ साली टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. हे मिलिमीटरवाले होते.

या सगळ्याशी नागपूरचा संबंध निकटचा आहे. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातील प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांचा वीस वर्षांचा आराखडा तयार केला. रस्त्यांच्या इतिहासात तो 'नागपूर योजना' म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही आपल्या परिचयाची वर्गवारी त्या योजनेतली. पुढे पूर्व-पश्चिम जाणारा ६ क्रमांकाचा आणि उत्तर-दक्षिण जाणारा ७ क्रमांकाचा महामार्ग याच शहरात एकमेकांना भेटले. २०१०च्या फेरबदलानंतर त्यांचे क्रमांक ५३ आणि ४४ झाले. चारही दिशांचे ट्रक जेथे येतात तेथे चारही दिशांचे बिघाडही येतात.

तीन भाषांचा घोळ किती बारीक होता ते पाहा. अर्धा इंच जाडीच्या व्हिटवर्थ बोल्टवर एका इंचात १२ आटे असतात, तर तेवढ्याच जाडीच्या अमेरिकी बोल्टवर १३. एक सेंटिमीटरहून किंचित कमी जाडीच्या तीन अष्टमांश इंची बोल्टवर दोघांचेही १६ आटे असतात, पण कोन निराळा! नट चढतो, बसल्यासारखा वाटतो, पण नीट धरत नाही. १० मिलिमीटरच्या स्टडचे आटेही या बोल्टच्या आट्यांच्या इतके जवळ आहेत की डोळ्यांना फरक कळत नाही. चुकीचा नट दोन वेढे फिरतो आणि अडतो. तेव्हा जोर लावला की आटे मरतात किंवा स्टड पिळून तुटतो. म्हणून गॅरेजच्या पेटीत 'इंची' आणि 'एमएम' असे पान्यांचे वेगळे संच ठेवावे लागत. इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा यांनी १९४८ साली आपसात एक समान आटा मान्य केला. भारताने १९५६ साली मेट्रिक पद्धतीचा कायदा केला आणि १९५८पासून टप्प्याटप्प्याने ती अमलात आणली. कायदा झाला तरी जुन्या गाड्या रस्त्यावरून लगेच नाहीशा होत नाहीत. त्यामुळे मिस्त्रीला तिन्ही भाषा पुढे पुष्कळ वर्षे बोलाव्या लागल्या.

सोडवणूक

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांच्या अरुंद फटीत तो वाढला की पाचरीसारखा दाटून बसतो. पहिला उपाय जुना आणि स्वस्त आहे. रॉकेल किंवा पातळ तेल सोडायचे, हातोडीने हलके ठोके द्यायचे आणि वाट पाहायची. केशाकर्षणाने तेल फटीत शिरते आणि ठोक्यांनी गंजाला तडे जातात. या उपायात सर्वांत महाग गोष्ट असते वेळ. मालकाची गाडी उभी असते, माल खोळंबलेला असतो, आणि घाईचा मोह येथेच होतो.

तुकड्याचे टोक बाहेर असेल तर पकडीने धरून फिरवता येते. तो हेडच्या पातळीत किंवा आत तुटला असेल तर मिस्त्री त्यावर वॉशर ठेवतो, वर नट ठेवतो आणि नटाच्या पोकळीतून वेल्डिंग करून नट तुकड्याला जोडून टाकतो. आता पाना लावायला डोके मिळाले. परंतु खरी करामत डोक्याची नाही, उष्णतेची आहे. वेल्डिंगने तुकडा लाल होतो. ६०० अंशांनी तापलेला १० मिलिमीटरचा स्टड सुमारे ०.०७ मिलिमीटरने जाड होऊ पाहतो. भोवतीचे हेड त्या मानाने थंड असल्याने ते त्याला वाढू देत नाही. नरम झालेले पोलाद स्वतःमध्येच दबते. निवल्यावर तुकडा पूर्वीपेक्षा किंचित बारीक होतो. गंज फुटतो आणि केसभर फट मोकळी होते. 'तापताना अडवले, तर निवल्यावर लहान होते' हेच ते सूत्र. ज्या कारणाने मॅनिफोल्ड आखूड झाला आणि स्टडला घेऊन गेला, त्याच कारणाने स्टडचा उरलेला तुकडा सुटतो. काही मिस्त्री गरम तुकड्याला मेणबत्ती टेकवतात. मेण वितळून फटीत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते.

वेल्डिंगच्या या सळईची जन्मकथाही दुरुस्तीतलीच आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनच्या ऑस्कर केलबर्गला जहाजांच्या बॉयलरची गळती बंद करायची होती. त्या वेळच्या उघड्या सळईचे वेल्डिंग ठिसूळ होई. त्याने सळईवर लेप चढवला. लेप जळून वायू आणि मळी तयार होते आणि वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण होते. आज रस्त्याकडेच्या गॅरेजात जी सळई दिसते ती याच लेपाच्या सळईची वंशज आहे.

वेल्डिंग शक्य नसेल तर तुकड्याला मधोमध भोक पाडतात. आज वापरतो त्या पिळाच्या ड्रिलचे पेटंट अमेरिकेच्या स्टीफन मॉर्सने १८६३ साली घेतले. भोक पाडल्यावर त्यात उलट्या पिळाचा, निमुळता 'ईझी आउट' ठोकून तुकडा फिरवण्याची पद्धत आहे. नाव जरी 'सोपे' असले तरी त्यात मोठा धोका आहे, आणि तो का हे साध्या गणिताने कळते. गोल दांड्याची पिळाला तोंड देण्याची शक्ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. १० मिलिमीटरच्या स्टडमध्ये ६ मिलिमीटरचा ईझी आउट बसवला तर हे प्रमाण ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे सुमारे ०.२२ येते. ईझी आउटचे पोलाद दुप्पट मजबूत धरले तरी त्याची शक्ती अख्ख्या स्टडच्या निम्म्याहून कमीच भरते. जो जाम स्टड स्वतः अखंड असताना फिरला नाही आणि पिळून तुटला, त्याला याहून दुबळे हत्यार कसे फिरवणार? हत्यार आत तुटते. ते इतके कठीण असते की साधे ड्रिल त्यावर चालतच नाही. एका तुकड्याचे दोन तुकडे होतात. थकव्याने तुटलेल्या मोकळ्या स्टडला मात्र हेच हत्यार झटक्यात बाहेर आणते. तोंड वाचून मग हत्यार निवडायचे ते यासाठी.

अशा अडकलेल्या कठीण तुकड्यांनीच एका नव्या तंत्राला जन्म दिला. १९४३ साली मॉस्कोत बोरिस आणि नतालिया लाझारेंको हे दांपत्य विजेच्या ठिणगीने स्विचची टोके का झिजतात याचा अभ्यास करत होते. झीज थांबवता येईना, तेव्हा तीच कामाला लावावी असे त्यांना सुचले. तेलात बुडवलेल्या धातूवर ठिणग्यांचा मारा करून त्यांनी धातू कोरून दाखवला. त्याच दशकात अमेरिकेत स्टार्क, हार्डिंग आणि बीव्हर हे तिघे तुटून अडकलेले ड्रिल आणि टॅप काढण्यासाठी स्वतंत्रपणे याच मार्गाला लागले. ठिणगीला धातूच्या कठीणपणाशी देणेघेणे नसते. धातू विद्युतवाहक असला की पुरे. आज औद्योगिक वसाहतींतल्या टूलरूममध्ये 'स्पार्क इरोजन' नावाने हे तंत्र साचे घडवण्यासाठी सर्रास वापरले जाते. एखादे महागडे हेड तुटलेल्या ईझी आउटने अडले तर अखेरचा उपाय म्हणून तेच उपयोगी पडते.

वर्गासाठी

हा विषय शाळेत आणायला इंजिन लागत नाही. दोन खडू घ्यावेत. एक वाकवून मोडावा, दुसरा दोन्ही हातांनी पिळून. पहिल्याचे तोंड जवळजवळ सपाट आणि दुसऱ्याचे तिरपे, नागमोडी दिसेल. मोडण्याची रीत तोंडावर उमटते, हे मुलांना लगेच पटेल. खडू ठिसूळ आणि पोलाद चिवट असल्याने दोघांची तोंडे सारखी दिसत नाहीत, एवढे सांगावे.

दुसरा प्रयोग घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांचा आहे. पितळेच्या चकतीत पोलादी स्क्रू तुटला तर ते चकती तुरटीच्या कोमट द्रावणात ठेवतात. द्रावण आम्लधर्मी असते. ते लोखंड हळूहळू विरघळवते, पितळेला फारसे लागत नाही. पितळी पट्टीच्या भोकात लोखंडी टाचणी बसवून ती काही दिवस तुरटीच्या पाण्यात ठेवावी आणि रोज निरीक्षण नोंदवावे. 'मग ट्रकच्या बिडाच्या हेडला हा उपाय का चालत नाही?' हा प्रश्न मुलांसाठी सोडावा.

गॅरेज दाखवायला नेणार असाल तर ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहू देऊ नये. जुन्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टस असू शकते. ते खरवडताना मुलांना, आणि शक्य तर मिस्त्रीलाही, धुळीपासून दूर ठेवावे.

दुरुस्तीच्या कामाला आपल्याकडे शोधाचा मान मिळत नाही. तरी लेपाची सळई बॉयलरच्या गळतीतून आली, ठिणगीची कोरणी अडकलेल्या टॅपमधून आली आणि थकव्याचे शास्त्र मोडलेल्या आसातून. तिन्ही ठिकाणी कोणीतरी 'हे का मोडले?' असे विचारायला थांबले होते. लकडगंजच्या गॅरेजात हाताखाली काम करणारा मुलगा हाच प्रश्न रोज ऐकतो, पण त्याला प्रसरणाचे सूत्र कोणी सांगत नाही. शाळेतला मुलगा सूत्र पाठ करतो, पण त्याने स्टड पाहिलेला नसतो. दोघांची भेट घडवून आणणे शिक्षकाच्या हाती आहे.